जुन्या मोटारगाड्यांच्या हौशी शर्यती : सुरक्षासाधने व पूर्वतयारी

जुन्या काळातील मोटारगाड्या बक्षिसाच्या रकमेसाठी नव्हे, तर केवळ हौसेखातर, रहदारीस बंद असलेल्या शर्यतमार्गावर वेगाने चालविण्याचा खेळ. प्रत्यक्ष शर्यतींखेरीज घाटचढणीच्या वेळबद्ध स्पर्धा, सरळ मार्गावरील वेगचाचण्या आणि चालकांच्या सरावासाठी राखून ठेवलेले दिवस यांचाही त्यात समावेश होतो. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या वर्गीकरणानुसार १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांना ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ या काळातील गाड्यांना ‘एडवर्डियन’ व १९१९ ते १९३० मधील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जुन्या गाड्यांना सामान्यपणे ‘क्लासिक’ हे नाव दिले जाते. हौशी शर्यतींत या सर्व प्रकारच्या गाड्या आढळतात. तथापि १९३० ते १९७० या काळातील गाड्यांचे प्रमाण मोठे असते.

हा खेळ आधुनिक मोटारशर्यतींहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. आजच्या शर्यतगाडीत चालकाचे संरक्षण हा गाडीच्या आराखड्याचाच एक भाग असतो. जुन्या गाडीत ते मागाहून जोडावे लागते आणि ते जोडताना गाडीचे ऐतिहासिक स्वरूपही राखावयाचे असते. शिवाय ही साधने परस्परावलंबी असतात. योग्य जोडसाधनाविना एखादे साधन एकटेच बसविल्यास ते कधी निरुपयोगी, तर कधी अपायकारकही ठरते. ही जाणीव अनेक अपघातांनंतर व हळूहळू होत गेली. या लेखात सुरक्षासाधनांच्या विकासाचा आढावा याच दृष्टीने घेतला आहे.

हौशी शर्यतींचा उदय : मोटारशर्यतींच्या आरंभकाळी हौशी व व्यावसायिक असा भेद जवळजवळ नव्हताच. एका गावाहून दुसऱ्या गावी सार्वजनिक रस्त्यांवरून शर्यती होत आणि सधन गाडीमालक स्वतः त्यांत भाग घेत. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत इतके अपघात झाले, की फ्रेंच शासनाने ती बॉर्दो येथेच थांबविली. या शर्यतीत मृत्यू पावलेल्यांत रनो कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रनो हाही होता. त्यानंतर शर्यती बंदिस्त मार्गांवर नेण्याच्या कल्पनेला जोर आला. इंग्लंडमधील सरे परगण्यात ब्रुकलँड्झ येथे १९०७ मध्ये खास मोटारींसाठी बांधलेला शर्यतमार्ग खुला झाला, तर अमेरिकेत १९०९ मध्ये इंडियानापोलिसचा मार्ग तयार झाला. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा डोंगराळ मार्ग १९२७ मध्ये सुरू झाला. शर्यती नसतील तेव्हा पथकर भरून सामान्य गाडीमालकासही त्यावर गाडी चालविता येत असे. ही प्रथा आजही चालू आहे.

जुन्या गाड्यांचा स्वतंत्र खेळ म्हणून विचार इंग्लंडमध्ये प्रथम झाला. १९३० पूर्वीच्या गाड्यांची घडण नंतरच्या स्वस्त उत्पादनापेक्षा सरस होती, असे मानणाऱ्या आणि बेताची ऐपत असलेल्या काही चालकांनी १९३४ मध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही हौशी चालकांची संस्था १९४४ मध्ये निघाली. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या गावाच्या रस्त्यांवर १९४८ मध्ये हौशी शर्यत सुरू झाली; परंतु १९५२ च्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून एक बालक ठार झाले आणि गावातील शर्यत बंद पडली. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर ओस पडलेले विमानतळ शर्यतींच्या उपयोगी पडले. सिल्व्हरस्टोन व गुडवुड हे दोन्ही मार्ग १९४८ मध्ये अशाच विमानतळांवर आकारास आले. गुडवुडचा सु. ३·८ किमी. लांबीचा मार्ग १९६६ मध्ये शर्यतींना बंद झाला व १९९८ मध्ये खास जुन्या गाड्यांसाठी पुन्हा खुला करण्यात आला. कॅलिफोर्नियातील लगूना सेका येथे १९७४ पासून ऐतिहासिक मोटारींच्या वार्षिक शर्यती भरू लागल्या. माँटे कार्लोच्या रस्त्यांवर अशा शर्यती १९९७ मध्ये सुरू झाल्या.

सुरक्षिततेची जुनी कल्पना : पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे शर्यतचालकाच्या अंगावर कापडी वा चामडी टोपी, धुळीपासून डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा व हातमोजे एवढाच सरंजाम असे. ही साधने वारा, धूळ व तेलाचे शिंतोडे यांच्यासाठी होती, आघातासाठी नव्हती. आसनाला पट्टा नसे. अपघातात गाडीबाहेर फेकले जाणे हेच चालकाच्या हिताचे आहे, असा समज दीर्घकाळ दृढ होता. आज तो विचित्र वाटला, तरी त्यावेळच्या गाड्यांच्या रचनेकडे पाहता त्यामागील तर्क ध्यानात येतो. उघड्या गाडीत डोक्यावर कोणतेही संरक्षण नसे, स्टिअरिंगचा दांडा थेट छातीवर रोखलेला असे आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीमागे वा काही गाड्यांत गुडघ्यांच्या वर असे. अशी गाडी उलटली, तर पट्ट्याने बांधलेला माणूस तिच्याखाली चिरडला जाण्याची किंवा पेटत्या गाडीत अडकण्याची भीती खरीच होती. पट्टा वाईट नव्हता. त्याच्या सोबतीची साधने अस्तित्वात नव्हती.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत प्येर लव्हेग या चालकाची गाडी बांधावर आदळून तिचे भाग गर्दीत उडाले. या दुर्घटनेत चालकासह ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शर्यतीच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण घटना होय. तिच्यानंतर स्वित्झर्लंडने मंडलाकार मार्गावरील मोटारशर्यतींवर बंदी घातली आणि इतर देशांत प्रेक्षकांच्या संरक्षणाकडे लक्ष दिले जाऊ लागले. चालकाच्या संरक्षणाचा पद्धतशीर विचार मात्र १९६० नंतरच्या दशकातच झाला.

शिरस्त्राण : चालकाच्या संरक्षक साधनांपैकी शिरस्त्राण हे सर्वांत आधी स्वीकारले गेले. ब्रुकलँड्झ येथे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती पाहणाऱ्या एरिक गार्डनर या वैद्याने लाखेचा लेप दिलेले कापडी शिरस्त्राण सुचविले व १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील मोटारसायकल शर्यतीत शिरस्त्राण सक्तीचे झाले. मोटारगाड्यांच्या बाबतीत इंडियानापोलिस येथे १९३५ मध्ये, तर ग्रां प्री शर्यतींत १९५२ मध्ये अशी सक्ती आली. त्यावेळची शिरस्त्राणे मुख्यतः कठीण कवचाची होती. आतील पट्ट्यांमुळे ती डोक्यावर टिकत. पण आघाताची ऊर्जा शोषून घेण्याची क्षमता त्यांत थोडीच होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सी. एफ. लोम्बार्ड व त्यांचे सहकारी यांना १९५३ मध्ये ऊर्जाशोषक अस्तराच्या शिरस्त्राणाचे एकस्व मिळाले. कवचाने आघात पसरवायचा आणि आतील फेसासारख्या पदार्थाने स्वतः चिरडून घेऊन डोक्याचा वेग सावकाश कमी करावयाचा, हे तत्त्व आजही कायम आहे. यावरूनच एकदा जोरदार आघात सोसलेले शिरस्त्राण, बाहेरून अभंग दिसले तरी, पुन्हा वापरू नये हा नियम निघाला.

पीट स्नेल हा अमेरिकन हौशी चालक १९५६ मध्ये शर्यतीत डोक्यास मार लागून मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ १९५७ मध्ये जॉर्ज स्नायव्हली या वैद्यकतज्ञाच्या पुढाकाराने स्नेल प्रतिष्ठान स्थापन झाले व १९५९ मध्ये त्याने शिरस्त्राणांची पहिली मानके प्रसिद्ध केली. या प्रतिष्ठानाचे ‘एम’ मानक मोटारसायकलींसाठी व ‘एसए’ मानक मोटारशर्यतींसाठी आहे. दुसऱ्यात ज्वालारोधक अस्तराची चाचणी आणि पोलादी नळीवर डोके आपटण्याची चाचणी अधिक असते. म्हणून मोटारसायकलीचे शिरस्त्राण कितीही चांगले असले, तरी शर्यतगाडीत ते योग्य मानत नाहीत. एसए मानकाची आवृत्ती साधारणतः दर पाच वर्षांनी निघते व जुन्या आवृत्तीची शिरस्त्राणे काही काळाने शर्यतीस अमान्य होतात. संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण १९६८ मध्ये डॅन गर्नी या चालकाने प्रथम ग्रां प्री शर्यतीत वापरले. उघड्या जुन्या गाडीत चेहऱ्यावर खडे उडत असल्याने तेच अधिक श्रेयस्कर असते. परंतु जुन्या काळाचे दृश्य टिकविण्यासाठी अनेक हौशी चालक उघड्या चेहऱ्याचे शिरस्त्राण पसंत करतात.

पट्टे आणि कमान : गाडी उलटल्यास चालकाच्या डोक्याभोवती जागा राखणारी पोलादी नळीची कमान आणि चालकास आसनात जखडून ठेवणारे पट्टे ही परस्परपूरक साधने होत. कमान नसता पट्टा बांधला, तर चालक उलटलेल्या गाडीखाली सापडतो; पट्टा नसता कमान बसविली, तर तो कमानीच्या संरक्षित जागेबाहेर फेकला जातो किंवा तिच्यावरच आपटतो. ग्रां प्री गाड्यांना कमान १९६१ मध्ये सक्तीची झाली. पट्ट्यांची सक्ती मात्र १९७२ मध्ये, अकरा वर्षांनी आली. दरम्यानच्या काळातील दोन अपघात या विषयात वारंवार उद्‌धृत केले जातात.

बेल्जियममधील स्पा येथे १९६६ च्या शर्यतीत जॅकी स्ट्यूअर्ट याची गाडी पावसात मार्ग सोडून गेली. वाकलेल्या गाडीत तो सु. २५ मिनिटे अडकून पडला होता व त्याचे कपडे पेट्रोलने भिजले होते. ग्रेअम हिल व बॉब बाँड्यूरंट या सहचालकांनी एका प्रेक्षकाकडून पाने मागून घेऊन स्टिअरिंग काढले व त्याची सुटका केली. पुढे स्ट्यूअर्ट स्वतःच्या गाडीत पाना बांधून ठेवू लागला आणि पट्टे, संरक्षक कठडे, वैद्यकीय पथके यांचा आग्रह धरून त्याने चालकांत चळवळ उभी केली. दुसरा अपघात योखेन रिंट याचा. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंत्सा येथे सरावाच्या वेळी तो मृत्यू पावला. आग लागल्यास लवकर बाहेर पडता यावे म्हणून तो मांड्यांमधील पट्टे वापरत नसे. त्यामुळे आघाताच्या वेळी त्याचे शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरले व गळ्यास प्राणघातक जखम झाली. पट्टा असूनही तो अपुरा असल्याने घडलेले हे मरण होय. त्याच वर्षीचे जगज्जेतेपद रिंट यास मरणोत्तर मिळाले.

या अनुभवांतून पट्टे बसविण्याचे नियम सिद्ध झाले. कमरेचा पट्टा पोटाच्या मऊ भागावर न येता ओटीच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. खांद्यांवरील पट्टे मागे जवळजवळ आडवे जावेत. ते आसनामागे तीव्र उतारात खाली नेले, तर आघाताच्या वेळी पाठीच्या कण्यावर दाब येतो. मांड्यांमधील पट्टा कमरेच्या पट्ट्यास वर सरकू देत नाही. पट्ट्याचे धागे ऊन, तेल व घर्षण यांनी दुबळे होतात, म्हणून त्यांना कालमर्यादा घालून दिलेली असते आणि अपघातात ताण सोसलेले पट्टे टाकून देतात.

जुन्या गाडीत खरी अडचण पट्टा कशाला बांधावा ही असते. अनेक जुन्या गाड्यांचे अंग लाकडी चौकटीवर पातळ पत्रा ठोकून बनविलेले असते. अशा लाकडात किंवा गंजलेल्या तळपत्र्यात अडकविलेला पट्टा पहिल्याच झटक्यात उपसून येईल. यास्तव पट्ट्यांचे व कमानीचे आधार गाडीच्या पोलादी सांगाड्यापर्यंत नेतात किंवा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्ट्या बसवून भार पसरवितात. कमान चालकाच्या शिरस्त्राणाहून साधारणतः ५ सेंमी. उंच असावी व तिला मागे वा पुढे तिरपे आधार असावेत, असा संकेत आहे. डोके पोहोचेल तेथे तिच्यावर कठीण फेसाचे वेष्टन घालतात. ही खबरदारी विशेषतः रस्त्यावरही चालणाऱ्या गाड्यांत महत्त्वाची असते. कारण शर्यतीत शिरस्त्राणामुळे निरुपद्रवी असलेली पोलादी नळी रस्त्यावर उघड्या डोक्यास घातक ठरू शकते.

आगीपासून संरक्षण : जुन्या गाडीत चालकास आगीचे भय अधिक असते. पेट्रोलची टाकी पातळ पत्र्याची, नळ्या जुनाट रबराच्या आणि कार्ब्युरेटर तापलेल्या धूरनळीच्या सान्निध्यात, अशी अनेक गाड्यांची रचना असते. ३० मे १९६४ रोजी इंडियानापोलिस येथे एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डॉनल्ड हे दोन चालक पेट्रोलच्या आगीत मृत्यू पावले. त्यानंतर विमानविद्येत वापरल्या जाणाऱ्या, आघाताने न फाटणाऱ्या रबरी पिशवीच्या टाक्या शर्यतीत आल्या आणि १९७० पासून ग्रां प्री गाड्यांना त्या सक्तीच्या झाल्या. अशा टाकीत सच्छिद्र फेस भरलेला असतो. त्यामुळे पेट्रोल हिंदकळत नाही व आतील वाफेचा स्फोट होण्याचा संभव घटतो. जुन्या गाडीत ही पिशवी मूळ पत्र्याच्या टाकीच्या आत बसविता येते. बाह्य रूप कायम राखून सुरक्षितता वाढविण्याचे ते एक चांगले उदाहरण आहे.

१९६० पूर्वी चालकाचा पोशाख म्हणजे सुती कपडे असत व काही चालक ते टाकणखार व बोरिक अम्लाच्या द्रावणात बुडवून वाळवीत. ड्यू पाँट कंपनीच्या नोमेक्स या ज्वालारोधक तंतूची १९६७ मध्ये विक्री सुरू झाली व थोड्याच काळात तो शर्यतीच्या पोशाखात रूढ झाला. हा तंतू वितळत नाही. ज्वाळेत तो कोळशासारखा होऊन फुगतो आणि उष्णतेचे वहन रोखतो. अशा पोशाखाने चालक आगीत सुरक्षित राहतो, ही समजूत मात्र बरोबर नाही. अमेरिकेतील एसएफआय मानकांनुसार सर्वांत हलका एकथरी पोशाख त्वचा गंभीरपणे भाजण्यापूर्वी सु. ३ सेकंद, तर अधिक वापरला जाणारा बहुथरी पोशाख सु. १० सेकंद देतो. पोशाख चालकास केवळ बाहेर पडण्याचा अवधी मिळवून देतो. त्याखाली नायलॉनसारख्या तंतूंची अंतर्वस्त्रे घातल्यास ती वितळून कातडीस चिकटतात. म्हणून आतील कपडेही ज्वालारोधक किंवा निदान सुती असावे लागतात.

२४ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्‌झ हॅच येथे जो सिफेर या स्विस चालकाचा पेटत्या गाडीत धुराने गुदमरून अंत झाला. मार्गालगतची अग्निशामके वेळेवर उपयोगी पडली नाहीत. त्यानंतर गाडीतच बसविलेले व चालकाच्या हाताशी खटका असलेले अग्निशामक नियमांत आले. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूर्बुर्गरिंग येथे निकी लाउडा पेटत्या गाडीत सापडला, तेव्हा मात्र त्यास चार सहचालक व एक मार्गरक्षक यांनी बाहेर ओढले. एवढ्या लांब मार्गावर मदत वेळेवर पोहोचणे अशक्यप्राय असते, हे त्यावेळी सर्वांस पटले.

पूर्वी गाडीतील अग्निशामकांत हॅलॉन वायू वापरीत. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर त्याची जागा फेस व अन्य पदार्थांनी घेतली. विद्युत् प्रवाह एकदम तोडणारा खटका गाडीच्या आतून व बाहेरून चालविता यावा लागतो. त्याची खूण निळ्या त्रिकोणातील तांबडी वीज ही असून अग्निशामकाच्या खटक्याची खूण पांढऱ्या वर्तुळातील तांबडे ‘ई’ अक्षर ही आहे. चालक बेशुद्ध असताना मार्गरक्षकांना या खुणांचाच आधार असतो.

मानेचे संरक्षण : शिरस्त्राण व पट्टे सर्वत्र रूढ झाल्यावर एक नवीच अडचण पुढे आली. समोरून आघात झाला असता पट्टे धडास रोखून धरतात; पण शिरस्त्राणासह जड झालेले डोके पुढे झेपावते आणि कवटीचा तळ मानेपासून फाटतो. १९८१ मध्ये पात्रिक जाकमार याच्या अशाच मृत्यूनंतर अमेरिकन चालक जिम डाउनिंग व त्याचे मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठातील जीवयामिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी ‘हान्स’ हे साधन तयार केले. यात खांद्यांवर एक कडक जू बसवून ते शिरस्त्राणास आखूड पट्ट्यांनी जोडलेले असते. प्रारंभी ते अवजड व गैरसोयीचे म्हणून चालकांनी स्वीकारले नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीच्या तळाच्या दुखापतीने मृत्यू पावला व त्याच वर्षी अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींत असे साधन सक्तीचे झाले. ग्रां प्री शर्यतींत ते २००३ पासून सक्तीचे आहे. मात्र खांद्यांवरील पट्टे योग्य कोनात नसतील, तर हे साधन खांद्यांवर टिकत नाही. साधे तीन-बिंदू पट्टे असलेल्या जुन्या गाडीत ते उपयोगी पडत नाही. परस्परावलंबनाचे तत्त्व येथेही दिसून येते.

गाडीची पूर्वतयारी : संरक्षक साधने अपघात झाल्यावर उपयोगी पडतात, अपघात टाळण्याचे काम गाडीच्या तयारीचे आहे. वेग दुप्पट झाला असता गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सर्व ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. जुने ढोलब्रेक अशा उष्णतेत लवकर निष्प्रभ होतात. जॅग्वार कंपनीने १९५३ ची ल मां शर्यत चकती-ब्रेकांच्या गाडीने जिंकली, त्याचे एक कारण हेच होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घटतो. डॉट-४ या प्रतीच्या ताज्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २३०° से. असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५° से. पर्यंत उतरू शकतो. तेल उकळून वाफ झाली, की पायाखालची कळ एकदम तळाशी जाते. यासाठी प्रत्येक शर्यतीपूर्वी तेल बदलण्याची पद्धत आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकांची नळी बहुधा एकच असल्याने ही दक्षता दुप्पट महत्त्वाची ठरते.

धातूचा शिणवटा ही जुन्या गाड्यांची खास व्याधी होय. चाकाचे आस, स्टिअरिंगचे दांडे व सांधे यांत दशकानुदशकांच्या वापराने डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा पडतात. चुंबकीय भुकटीने किंवा चिरेत झिरपणाऱ्या रंगद्रवाने त्या शोधून काढतात. तारेच्या चाकांचे आरे एकेक करून हलके ठोकले असता सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. आधुनिक, अधिक पकड असणारे टायर बसविल्यास वळणावरील वेग वाढतो. पण तो भार मूळ चाकांना व आसांना सोसावा लागतो, आणि ते त्यासाठी घडविलेले नसतात. चांगला टायर बसवून दुबळा आस मोडावा, असे प्रसंग यातूनच उद्भवतात. टायरची नक्षी शाबूत असली, तरी वयाने रबर कडक होते. २००० सालापासून टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेत निर्मितीचा आठवडा व वर्ष नोंदलेले असते. अल्कोहॉलमिश्रित पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या ठिसूळ होतात, म्हणून त्याही बदलाव्या लागतात.

यांखेरीज कार्ब्युरेटरची झडप आपोआप मिटावी म्हणून दुहेरी स्प्रिंगा, इंजिनातून उसळणारे तेल मार्गावर सांडू नये म्हणून साठवण-डबा, तेलाच्या बुचांना तारेचे बंधन आणि बॅटरीचा पक्का शिकंजा यांची तपासणी होते. चालकाच्या पायांभोवती हत्यारे, पायपुसणी, बाटल्या यांसारखी एकही सुटी वस्तू ठेवू देत नाहीत. ब्रेकच्या कळीखाली अडकलेली बाटली नादुरुस्त ब्रेकाइतकीच घातक असते. शर्यतीच्या दिवशी तपासनीस गाडी व चालकाची साधने पाहून चिठ्ठी चिकटवितो. ही तपासणी थोड्या मिनिटांची असते व तिने मालकाची जबाबदारी संपत नाही.

चालकाची पूर्वतयारी : अनुभवी संस्था नवख्यास प्रथम प्रशिक्षकाबरोबर सराव करावयास लावतात. मार्ग पायी वा सावकाश फिरून पाहणे, निशाणांची भाषा पाठ करणे आणि पट्टे सोडून स्वतःहून बाहेर पडण्याचा सराव करणे, हे या तयारीचे मुख्य भाग होत. पिवळे निशाण पुढील धोका, तांबडे शर्यत थांबल्याचे, निळे मागून वेगवान गाडी येत असल्याचे, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे मार्ग निसरडा असल्याचे व नारिंगी ठिपक्याचे काळे निशाण गाडीत बिघाड असल्याचे सुचविते. उष्ण दिवसांत ज्वालारोधक पोशाखामुळे शरीरातील पाणी झपाट्याने घटते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

स्वतःच्या मर्यादा ओळखणे हा तयारीचा शेवटचा व सर्वांत अवघड भाग होय. स्टर्लिंग मॉस या प्रख्यात इंग्लिश चालकास २३ एप्रिल १९६२ रोजी गुडवुड येथे गंभीर अपघात होऊन त्याची व्यावसायिक कारकीर्द संपली. पुढे अनेक वर्षे तो जुन्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घेत असे. जून २०११ मध्ये ल मां येथील सरावात आपणास भीती वाटली, असे सांगून त्याने वयाच्या ८१ व्या वर्षी शर्यतींतून निवृत्ती जाहीर केली.

ऐतिहासिक सत्यता व सुरक्षितता : जुनी गाडी हे एक ऐतिहासिक साधन असल्याने तिच्यात कितपत बदल करावा, हा वादाचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने ऐतिहासिक शर्यतींसाठी ‘परिशिष्ट के’ या नावाची नियमावली केली आहे. तिच्यानुसार गाड्यांचे कालखंड पाडलेले असून प्रत्येक गाडीस तिच्या मूळ घडणीची नोंद असलेले तांत्रिक पारपत्र घ्यावे लागते. वेग वाढविणाऱ्या बदलांना ही नियमावली प्रतिकूल आहे. सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलांना मात्र ती मुभा देते किंवा ते सक्तीचे करते. अनेक संस्था महायुद्धपूर्व उघड्या गाड्यांना कमान व पट्टे यांतून सूट देतात. अशा गाडीत उंच बसणाऱ्या चालकासाठी पुरेशी मजबूत कमान उभारावयाची, तर मूळ सांगाड्याची मोडतोड करावी लागते, आणि कमानीविना पट्टा अपायकारक ठरतो. ही सूट म्हणजे धोका नाहीसा झाल्याची ग्वाही नव्हे. तो धोका चालकाने जाणूनबुजून पतकरलेला असतो. शक्य तेथे मूळ भागांना भोके न पाडता, पुढे काढून टाकता येतील अशा रीतीने साधने बसविणे, हा यावरील सर्वसंमत मध्यम मार्ग आहे.

भारतातील स्थिती : भारतात संस्थानिकांच्या व उद्योगपतींच्या संग्रहांतील जुन्या गाड्या मोठ्या संख्येने टिकून आहेत; परंतु त्यांचा खेळ मुख्यतः संथ फेऱ्यांचा व प्रदर्शनांचा आहे. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची फेरी १९६४ मध्ये सुरू झाली व मुंबईतही अशा फेऱ्या भरत आल्या आहेत. वेगाच्या शर्यतींचे केंद्र दीर्घकाळ मद्रासजवळील शोलावरम येथील विमानतळाची धावपट्टी हे होते. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा शर्यतमार्ग बांधला. २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते व प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती आणि इंधनभरणा यांसाठीच त्या रस्त्यावर आणता येतात. संथ फेरीतही जुनाट इंधननळी, थकलेला ब्रेक व कडक झालेला टायर यांचा धोका तोच असतो. त्यामुळे वर सांगितलेल्या पूर्वतयारीपैकी पेट्रोलच्या नळ्यांची तपासणी, ब्रेकच्या तेलाची अदलाबदल, विद्युत् प्रवाह तोडणारा खटका आणि हाताशी अग्निशामक एवढी तरी प्रत्येक जुन्या गाडीच्या बाबतीत आवश्यक ठरते.